जॅक उचलतो, घोडा धरतो

गॅरेजात नव्याने आलेल्या पोऱ्याला पान्यांचे नंबर पाठ व्हायच्या आधी एक गोष्ट शिकवली जाते. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही. जॅकने गाडी वर घ्यायची, खाली घोडा द्यायचा, गाडी घोड्यावर टेकवायची, अंगाचा जोर लावून एकदा हलवून बघायची, आणि मगच पाठीवर झोपून आत सरकायचं. घोडा म्हणजे तीन-चार पायांचं लोखंडी स्टँड. त्यात पंप नाही, तेल नाही. दात्यांची एक दांडी आणि ती अडवणारा एक खटका, एवढंच. जपानी मेकॅनिकही या स्टँडला ‘उमा’ म्हणतात, आणि उमा म्हणजे घोडाच. इंग्रज सुतार ज्या तिवईवर लाकूड कापतो तिलाही तो घोडा म्हणतो. इतक्या लांबच्या माणसांना एकच नाव सुचलं, कारण ओझं घेऊन मुकाट उभं राहणं हे काम सगळ्यांनी घोड्याकडूनच करून घेतलेलं होतं.

म्हणजे गाडी वर घेण्याच्या कामात दोन वेगळी कामं आहेत: उचलणं आणि उचललेलं धरून ठेवणं. गेली दहाएक वर्षं हौशी लोकांच्या घरच्या गॅरेजात आणि रेस ट्रॅकवर एक हलवता येणारी कार लिफ्ट दिसू लागली आहे. दोन लांबट लोखंडी चौकटी, एक छोटा विजेचा पंप आणि दोन-चार नळ्या, असा तिचा सगळा संसार. कॅलिफोर्नियातल्या बेंडपॅक कंपनीचा ‘क्विकजॅक’ हा तिचा सगळ्यात ओळखीचा अवतार. नावात जॅक असल्यामुळे लोक तिला जॅकच्याच घराण्यात बसवतात. मला ते अर्धंच पटतं. तिच्या अंगात घोड्याचं रक्तही तितकंच आहे. तिची कुळकथा सांगायची तर दोन्ही घराण्यांची सांगावी लागते, आणि गंमत अशी की या कथेत उचलण्याचा प्रश्न फार लवकर सुटला. धरून ठेवण्याने मात्र माणसाला शतकानुशतकं दमवलं.

आधी नाव. इंग्लंडात जॅक हे घरोघरी आढळणारं नाव, जॉनचं लाडाचं रूप. हाताखालच्या कुठल्याही पोराला जॅक म्हणून हाक मारायची रीत होती. मग त्या पोराची कामं जी साधनं करू लागली त्यांनाही तेच नाव पडलं. पायातला बूट ओढून काढणारी फळी ‘बूटजॅक’ झाली, विस्तवावर मांस फिरवणारं यंत्रही जॅक झालं. वजन उचलणारा जॅक त्याच रांगेतला. आपल्याकडे हा शब्द मोटारीबरोबर आला आणि गॅरेजातून बाहेरही पडला. एखाद्याचं काम वशिल्याने झालं की आपण म्हणतो, ‘त्याने वरून जॅक लावला.’ मराठी माणसाने यंत्राचा स्वभाव किती नेमका ओळखला! हाताचं बळ थोडं आणि समोरचं ओझं मोठं, तेव्हाच जॅक लागतो.

साधन मात्र शब्दापेक्षा जुनं. १३व्या शतकातल्या विलार द ओनकूर या फ्रेंच माणसाच्या चित्रवहीत जड वजन उचलणाऱ्या एका स्क्रूच्या यंत्राचं चित्र आहे. पुढे घोडागाड्यांच्या काळात युरोप-अमेरिकेत दात्यांची पट्टी आणि हँडल असलेला गाडीचा जॅक सर्रास वापरात होता. चाक काढून आसाला वंगण घालायचं तर गाडी उचलावीच लागे. आपल्याकडे बैलगाडीला तेच काम पहार, दगड आणि चार माणसांचे खांदे करत. स्क्रू आणि दात्यांचा एक मोठा गुण असा की ते उचलतात तसे धरूनही ठेवतात. स्क्रूचे आटे बारीक असले की घर्षणामुळे वजन त्याला उलटं फिरवूच शकत नाही. दात्यांना खटका अडवतो. आजही कारच्या डिकीत स्टेपनीशेजारी जो कात्रीसारखा घडीचा जॅक असतो, तो हाच स्क्रू. (स्टेपनी हा शब्दही इंग्लंडशेजारच्या वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. तिथल्या डेव्हिस बंधूंनी १९०४ मध्ये जादा चाक विकायला काढलं. तिकडे तो शब्द जवळपास विसरला गेला. आपल्याकडे तो ट्रकवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी आहे.) पण घर्षणाने जे धरलं जातं त्याला उचलतानाही घर्षणाचा कर भरावा लागतो. स्क्रू फिरवताना घातलेली बरीचशी मेहनत आट्यांतच जिरते.

ही मेहनत वाचवायची वाट पाण्यातून निघाली. द्रवांच्या समतोलावरचा ब्लेझ पास्कालचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ मध्ये छापला गेला. त्यात त्याने एक भांडं कल्पिलं आहे. पाण्याने भरलेलं, दोन तोंडांचं, एक तोंड दुसऱ्याच्या शंभरपट मोठं. दोन्ही तोंडांत दट्ट्या बसवा. लहान दट्ट्यावर एक माणूस जोर लावेल तर मोठ्या दट्ट्यावरच्या शंभर माणसांना तो तोलून धरेल. कागदावर सगळा जॅक इथेच तयार झाला. प्रत्यक्षात तो यायला मात्र सव्वाशेहून जास्त वर्षं गेली, आणि त्याचं कारण एकच होतं: गळती.

जोसेफ ब्रामा हा यॉर्कशरच्या शेतकऱ्याचा मुलगा. पाय दुखावला म्हणून शेती सुटली आणि तो सुतारकामाकडे वळला. लंडनला येऊन त्याने शौचकूप सुधारलं, कुणाला सहजी उघडता येणार नाही असं कुलूप केलं, आणि १७९५ मध्ये पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या प्रेसचं पेटंट घेतलं. पास्कालचं भांडं त्याने लोखंडात आणलं. पण दाब वाढला की दट्ट्याच्या कडेने पाणी सुटे. कड घट्ट आवळली तर दट्ट्या वर गेला की तिथेच अडके, खाली येईना. यातून वाट काढण्याचं श्रेय त्याच्याच कारखान्यातल्या हेन्री मॉड्सली या तरुण कारागिराला दिलं जातं. त्याने चामड्याचं वाटीसारखं कडं बसवलं, ओठ पाण्याच्या बाजूला उघडे ठेवून. दाब चढला की पाणीच ते ओठ दट्ट्यावर दाबून धरतं. दाब उतरला की ओठ सैल पडतात. जितका जोर जास्त तितकी पकड घट्ट. ज्यांनी सायकलचा जुना हातपंप वापरला आहे त्यांना हे समजवायला नको. त्यातला चामड्याचा वायसर सुकला की हवा भरत नसे; तेलाचे दोन थेंब सोडले की तो पुन्हा ओठ फुलवून नळीला चिकटे. जात तीच.

मला या सगळ्या वंशावळीत मॉड्सलीचं ते कडं सगळ्यात मोलाचं वाटतं. पास्कालने बळ दाखवलं, ब्रामाने यंत्र उभं केलं, पण पाण्याने वजन धरून ठेवलं ते या चामड्यामुळे. मॉड्सलीला आठवड्याला तीस शिलिंग मिळत होते. त्याने पगारवाढ मागितली, ब्रामाने नाकारली, आणि १७९७ मध्ये तो बाहेर पडला. पुढे तो इंग्लंडातल्या मोठ्या यंत्रकारांत गणला गेला. कडं तेवढं जगभर गेलं. आपल्या वऱ्हाड-खानदेशात ‘जिन-प्रेस’ या जोडशब्दातला जो प्रेस आहे, रुईच्या घट्ट गाठी बांधणारा, त्याच्या हायड्रॉलिक रूपात ब्रामाचा तोच सिद्धान्त होता. खामगाव-अमरावतीच्या कापसाने मोटारगाडी येण्याआधीच ही ताकद अंगावर घेतली होती.

प्रेस जागचा हलत नसे. तो उचलून नेता येईल इतका लहान केला रिचर्ड डजन याने. जन्माने स्कॉटिश, कारखाना न्यूयॉर्कला. हातात नेता येणाऱ्या हायड्रॉलिक जॅकचं पेटंट त्याने १८५१ मध्ये मिळवलं. याच माणसाने पुढे रस्त्यावर चालणारी वाफेची गाडीही बनवली. ती १८५८ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली, तर त्याने दुसरी केली. मोटारीचा जॅक आणि मोटारीचा एक पूर्वज एकाच कारखान्यातून निघाले, हे वाचून मला फार आनंद झाला होता.

डजनच्या जॅकचा नातू म्हणजे आजचा बाटलीजॅक. त्याचा हिशेब सोपा आहे. पंपाचा दट्ट्या १ सेंटीमीटर रुंद आणि उचलणारा ४ सेंटीमीटर धरला, तर क्षेत्रफळ १६ पट. हँडलच्या तरफेने २० पट मिळाले तर एकूण ३२०. हाताने १० किलोचा जोर लावला की वर तीन टनांची ताकद. पण फुकट काही मिळत नाही. पंपाचा दट्ट्या २ सेंटीमीटर खाली गेला की गाडी सव्वा मिलिमीटर वर येते. शिवाय स्क्रूने आपोआप दिलेलं राखणीचं वचन इथे नाही. सगळं ओझं तेलाच्या एका स्तंभावर, एका कड्यावर आणि एका छोट्या झडपेवर उभं. तिथे बारीकसा कचरा अडकला तरी गाडी हळूहळू, आवाज न करता खाली येते. म्हणून घोडा.

मोटारी वाढल्या तेव्हा गॅरेजांनी गाडी उचलण्याऐवजी माणूसच खाली उतरवला. जमिनीत खड्डा खणायचा आणि वर गाडी आणायची. आपल्या एस.टी.च्या आगारांत हे पिट अजून आहेत, आणि बसच्या वजनाला ते शोभतातही. पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती खड्ड्यात साचते, आणि तिथे एक ठिणगीसुद्धा महागात पडते. अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात पीटर लुनाटी या मेकॅनिकने १९२५ मध्ये याच्या उलट केलं. न्हाव्याच्या वर-खाली होणाऱ्या खुर्चीवरून त्याला कल्पना सुचली, असं सांगतात. जमिनीत पुरलेला एक जाड दट्ट्या वर यायचा आणि सगळी गाडी माणसाच्या डोक्यावर न्यायचा. खुर्चीसारखी ती गोल फिरवताही येई, म्हणून कंपनीचं नाव रोटरी. अशा लिफ्टना पुढे एक लोखंडी पाय जोडला गेला, तेल सुटलं तरी गाडी त्यावर अडावी म्हणून. म्हणजे घोडा परत आलाच.

सित्रोएनच्या १९५५च्या डीएस गाडीत तर जॅकची गरजच उरली नव्हती. तिचं सस्पेन्शन तेल आणि वायूवर चालणारं. पंक्चर झालं की गाडी स्वतःच ताठ उंच व्हायची, चालकाने कडेला एक स्टँड द्यायचा, आणि मग तिला खाली बसायला सांगायचं. एक बाजू स्टँडवर अडकल्यामुळे ती खाली येऊ शकत नसे; उलट त्या बाजूची चाकं पोटात ओढली जाऊन जमिनीपासून सुटत. नुसता घोडा, जॅक नाही.

गॅरेजवाल्याला लुनाटीची लिफ्ट परवडते. घरी हौसेने गाडी दुरुस्त करणाऱ्याकडे ना तेवढी उंची असते, ना जमीन खोदायची मुभा. त्याच्या वाट्याला चाकांचा ट्रॉलीजॅक आणि चार घोडे. ट्रॉलीजॅकला चाकं नुसती ओढून नेण्यासाठी नसतात. त्याचा हात वर्तुळात वर जातो, त्यामुळे गाडीखाली सरकल्याशिवाय त्याला सरळ उचलता येत नाही. जमीन मऊ असली, चाकं रुतली, की तो सरकण्याऐवजी गाडीलाच ओढतो. दुसरी अडचण नव्या गाड्यांच्या घडणीतली. पूर्वी चासीला कुठेही जॅक लागायचा. आता पत्र्याचा सांगाडाच सगळा भार वाहतो, त्यामुळे उंबऱ्याखालच्या ठरलेल्या चार जागीच टेकू चालतो. त्याच जागी जॅक लावला तर घोडा कुठे द्यायचा? विजेच्या गाडीत तर तळाला बॅटरीच पसरलेली. तिथे चुकीचा टेकू म्हणजे मोठं नुकसान.

हलती लिफ्ट ही अडचण सोडवते. चौकट मिटलेली असताना जेमतेम साडेसात सेंटीमीटर उंच, म्हणून बुटक्या स्पोर्ट्‌स कारखालीही सरकते. दोन्ही बाजूंच्या चौकटींवर त्या चार जागांखाली रबरी ठोकळे ठेवायचे, पंपाचं बटण दाबायचं, आणि चारही चाकं एकदम जमीन सोडतात. एका नेहमीच्या मॉडेलची क्षमता ५००० पाउंड, म्हणजे सुमारे २२६८ किलो. उंची अर्ध्या मीटरच्या आसपास. खाली उभं राहता येत नाही, पण बसून, पाठीवर झोपून सगळं हाताला लागतं. नळ्यांत हवा राहिली तर एक बाजू मागे पडते, म्हणून आधी रिकामीच दोन-चार वेळा वर-खाली करायची. उंच झाली की कानावर खटका पडतो आणि लोखंडी अडकण बसते. गाडी तिच्यावर टेकवली की भार तेलावर नसतो, लोखंडावर असतो.

ट्रॅकवर तिचं मोल आणखी कळतं. नुसतं चाक बदलायचं असेल तर जॅकने भागतं. २०२३च्या कतारमधल्या फॉर्म्युला वन शर्यतीत मॅक्लारेन संघाच्या माणसांनी १.८० सेकंदांत चारही चाकं बदलली. तिथे कुणी गाडीखाली जातच नाही, मग घोडा कशाला? दीर्घ पल्ल्याच्या शर्यतीतल्या गाड्यांना पोटातच हवेचे जॅक असतात. नळी लावली की गाडी उडी मारून उभी राहते. पण त्या गाडीखाली कुणाला शिरायचं असलं की जॅकच्या दांड्यांना आधी लोखंडी अडकणी लावतात. हौशी चालकाकडे अशी पलटण नसते. दोन सत्रांच्या मधल्या वेळात ब्रेकचे पॅड बदलायचे, ब्रेक ऑइलमधली हवा काढायची, टायर उलटपालट करायचे, तेही एकट्याने किंवा एका मित्राच्या मदतीने. उन्हाने मऊ झालेल्या डांबरात घोड्याचे अरुंद पाय रुततात. चौकटीचा लांब तळ तेच वजन पसरून घेतो. वीज नसली तर गाडीच्या बॅटरीवर चालणारा १२ व्होल्टचा पंपही मिळतो.

काम संपलं की बटण दाबून गाडी सरळ खाली आणता येत नाही. आधी तिला बोटभर आणखी वर न्यावी लागते. भार लोखंडावरून सुटून पुन्हा तेलावर येतो, अडकण मोकळी होते, ती हाताने उलटी करायची. खाली कुणी नाही ना, हे वाकून बघायचं. मग झडप उघडते आणि गाडी सावकाश आपल्या चाकांवर येऊन टेकते.