परिचारिकांची रात्रपाळी आणि झोप : एक ऐतिहासिक आढावा

प्रास्ताविक

रुग्णालय रात्री बंद होत नाही. त्यामुळे रात्रपाळी हा परिचर्येच्या व्यवसायाचा अविभाज्य भाग ठरला. मात्र रात्रभर जागलेल्या परिचारिकेने कोठे, केव्हा आणि किती वेळ झोपावे, हा दीर्घकाळ तिचा खासगी प्रश्न मानला गेला. वस्तुतः तिची झोप ड्यूटीचे तास, निवासाची सोय आणि वॉर्डातील मनुष्यबळ या तीन गोष्टींवर अवलंबून असते. या प्रश्नाकडे पाहण्याची दृष्टी गेल्या सुमारे पावणेदोनशे वर्षांत कशी बदलली, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

दिव्याची प्रतिमा

नोव्हेंबर १८५४ मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल ३८ परिचारिकांसह तत्कालीन ऑटोमन साम्राज्यातील स्कुटारी येथील ब्रिटिश लष्करी रुग्णालयात दाखल झाल्या. रात्री हातात दिवा घेऊन जखमी सैनिकांची विचारपूस करणारी स्त्री, ही त्यांची प्रतिमा पुढे जगभर पोहोचली. त्यांच्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या ग्रंथात आवाज व गोंगाट या विषयावर स्वतंत्र प्रकरण आहे. रुग्णाची झोपमोड होऊ नये, यावर त्यात विशेष भर दिलेला आहे. रुग्णाची झोप अशा प्रकारे परिचर्येच्या केंद्रस्थानी आली. परंतु दिव्याच्या त्या लोकप्रिय प्रतिमेत जागणारी परिचारिका दिसते. सकाळी थकून झोपायला जाणारी परिचारिका दिसत नाही. सेवा म्हणजे त्याग, आणि त्यागात स्वतःच्या विश्रांतीचा हिशोब करायचा नसतो, असा संस्कार या व्यवसायावर झाला. त्याचे परिणाम पुढील अनेक पिढ्यांना भोगावे लागले.

कायद्यातील विसंगती

१९१९ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने औद्योगिक क्षेत्रात स्त्रियांच्या रात्रपाळीला प्रतिबंध करणारा करार मंजूर केला. भारतातही १९४८ च्या कारखाना कायद्याने स्त्रियांच्या रात्रीच्या कामावर बंधने घातली. रुग्णालय हा कारखाना नसल्याने परिचारिका या संरक्षणाच्या कक्षेबाहेर राहिल्या. गिरणीत रात्री काम करणे स्त्रीच्या प्रकृतीला अपायकारक मानले गेले. वॉर्डातील रात्र मात्र तिचे स्वाभाविक कर्तव्य समजली गेली. श्रम एकच असताना त्याला ‘सेवा’ हे नाव मिळताच थकव्याची दखल घेण्याचे कारण उरले नाही.

भारतातील स्थिती

१९४३ साली नेमलेल्या भोर समितीने १९४६ मध्ये अहवाल सादर केला. तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ४३,००० लोकसंख्येमागे एक परिचारिका, असे प्रमाण होते. अशा तुटवड्यात कामाचे तास वाढणे अटळ होते. त्या काळी अनेक रुग्णालयांत तुटक ड्यूटीची पद्धतही होती. सकाळी काही तास काम, दुपारी सुटी आणि संध्याकाळी पुन्हा काम, अशा दिवसाला सलग विश्रांती कशी मिळणार?

पुढे अनेक ठिकाणी सकाळी ८ ते २, दुपारी २ ते ८ आणि रात्री ८ ते सकाळी ८ अशी विभागणी रूढ झाली. दिवसाच्या दोन पाळ्या सहा-सहा तासांच्या, तर रात्र तब्बल बारा तासांची. त्यानंतर मिळणाऱ्या ‘नाइट ऑफ’चा अर्थही लक्षात घेण्याजोगा आहे. सकाळी ८ वाजता सुटलेल्या परिचारिकेचा तो दिवस कागदोपत्री सुटीचा असतो; प्रत्यक्षात तो झोपेची भरपाई करण्यात जातो. घर दूर असेल तर प्रवास, घरी पोहोचल्यावर स्वयंपाक आणि मुलांची शाळा. अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत दुपार होते.

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे व सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी. शिवाय रजेच्या बदलीसाठी ३० टक्के राखीव मनुष्यबळ असावे. हे राखीव बळ नसले की एकीची रजा म्हणजे दुसरीची डबल ड्यूटी होते. सरोजिनी वरदप्पन यांच्या अध्यक्षतेखाली १९८७ मध्ये नेमलेल्या उच्चाधिकार समितीने आठवड्याला ४० तास काम व सलग पाळीची शिफारस केली. रुग्णालयाजवळ निवासाची गरजही मांडली. त्यापूर्वी, १९७७ मध्येच, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने दोन पाळ्यांमध्ये किमान बारा तासांची सलग विश्रांती सुचवली होती.

खासगी रुग्णालयांतील परिचारिका या चर्चेत उशिरा आल्या. २०११-१२ मध्ये केरळमधील परिचारिकांनी वेतन व कामाच्या तासांसाठी संप केले. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानुसार नेमलेल्या समितीने किमान २०,००० रुपये वेतनाची शिफारस केली. कामाचे तास, रजा, निवास व वाहतूक या बाबतींत सरकारी परिचारिकांशी बरोबरी असावी, असेही सुचवले. अंमलबजावणी मात्र राज्यांवर सोपविली गेली.

विज्ञानाची साक्ष

मानवी शरीरातील जैविक घड्याळ प्रकाश व अंधार यांच्याशी जुळलेले असते. पहाटेच्या सुमारास शरीराचे तापमान नीचांकी असते आणि सावधपणा मंदावतो. नेमक्या त्याच वेळी सलाइन, इंजेक्शने आणि तापाच्या नोंदी परिचारिकेच्या हाती असतात. उलट दिवसाची झोप उजेड, उष्मा व गलबला यांमुळे तुटक होते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात ३९३ परिचारिकांच्या पाळ्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या. साडेबारा तास किंवा त्याहून अधिक काळ काम केल्यास चुकीची शक्यता सुमारे तिप्पट होते, असे त्यात आढळले. २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने जैविक घड्याळ विस्कळीत करणाऱ्या पाळीच्या कामाला ‘संभाव्य कर्करोगकारक’ गटात ठेवले. रात्रपाळीबाबतचे हे वर्गीकरण २०१९ मध्ये कायम राहिले. या संदर्भातील सर्व अभ्यासांचे निष्कर्ष सारखे नाहीत, हेही नमूद केले पाहिजे.

समारोप

या आढाव्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. परिचारिकेची झोप हा सवयीचा किंवा सहनशक्तीचा प्रश्न नाही. तो व्यवस्थेचा प्रश्न आहे. रात्रपाळी टाळता येणार नाही. परंतु तिची लांबी, तिची वारंवारता आणि तिच्यानंतरची विश्रांती ठरविणे माणसाच्या हाती आहे. अहवालांनी हे वारंवार सांगितले. ते ड्यूटीच्या तक्त्यापर्यंत पोहोचले नाही. ज्या व्यवसायाने रुग्णाच्या झोपेला उपचाराचा दर्जा दिला, त्याच व्यवसायातील स्त्रियांची झोप हिशोबाबाहेर राहावी, हा या इतिहासातील सर्वांत मोठा विरोधाभास होय. आणि त्याची किंमत परिचारिकेबरोबर पहाटे तिच्या हवाली असलेला रुग्णही मोजत असतो.