त्वचेचा स्नेह

दिवाळीच्या पहाटे अंगाला तेल चोळावयाचें, उटणें लावावयाचें आणि ऊन पाण्यानें न्हावयाचें, हा महाराष्ट्रांतील घरोघरचा जुना परिपाठ. थंडीनें गाल उलले कीं दुधावरची साय आणि टांचांना भेगा पडल्या कीं कोकमाचें तेल, हेंही ठरलेलें. तेलानें कातडी मऊ होते याविषयीं कोणाला शंका नव्हती. युरोप-अमेरिकेंतील वैद्यांनाही फारशी नव्हती.

ती शंका १९५२ मध्यें बोस्टन येथील आयर्विन ब्लँक यांनीं उपस्थित केली. त्यांचा प्रयोग अगदीं साधा होता. तळपायाच्या घट्ट्याचे तुकडे वाळवून त्यांनीं तेलांत बुडवून ठेवले. ते ठिसूळच राहिले. पाणी मिळतांच मात्र तेच तुकडे मऊ व लवचिक झाले. म्हणजे कातडीला मार्दव येतें तें पाण्यानें, तेलानें नव्हे. मग शतकानुशतकें चोळलेलें तेल काय करीत होतें, आणि निसर्गानें त्वचेंत घातलेला मेद तरी कशासाठीं?

या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा तेवीस वर्षांपूर्वींच हातीं आलेला होता. १९२९ मध्यें अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत जॉर्ज बर व त्यांच्या पत्नी मिल्ड्रेड बर यांनीं कांहीं उंदरांना स्निग्धांशाचा लेशही नसलेलें अन्न देऊन पाहिलें. स्निग्ध पदार्थ म्हणजे शरीराच्या भट्टींतील केवळ इंधन, आणि तें शरीर साखरेपासूनही तयार करतें, असा तेव्हांचा रूढ समज होता. परंतु त्या उंदरांची वाढ खुंटली, शेपट्यांवर खवले धरले, आणि पुढें ते अकालीं मरूं लागले. विशेष हें कीं ते पाणी भराभर पीत, पण लघवीचें प्रमाण त्या मानानें वाढत नसे. पाणी जात होतें कोठें? तें कातडींतून उडून जात होतें. अन्नांत लिनोलेइक आम्ल असलेल्या तेलाचे थोडे थेंब मिळतांच उंदीर सावरले. (हें आम्ल करडईच्या तेलांत विपुल असतें, खोबरेलांत जवळजवळ नसतेंच.)

त्वचेचा अगदीं वरचा थर मृत पेशींचा असतो. तळहात व तळपाय सोडले तर तो सामान्यतः मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाहून जाड नसतो. अंगांतील पाणी अंगांत राखण्याचें काम एवढ्याशा पापुद्र्यावर सोंपविलेलें आहे. तो तें कसें करतो, याचा उलगडा सॅन फ्रॅन्सिस्को येथील पीटर इलायस यांच्या संशोधनानें झाला. १९८३ मध्यें त्यांनीं विटांच्या भिंतीचा दृष्टांत मांडला. मृत पेशी या विटा, आणि त्यांच्या सांध्यांत भरलेला मेद हा चुना. जॉर्ज ऑडलंड यांनीं १९६० मध्यें इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं ज्या सूक्ष्म पिशव्या पाहिल्या होत्या, त्या या चुन्याच्या पाट्याच होत. पेशी मरण्याच्या सुमारास त्या रित्या होतात आणि आंतील मेद पातळ पापुद्र्यांनीं एकावर एक रचला जातो. पाणी अडतें तें येथें.

या चुन्यांत वजनानें सुमारें निम्मा भाग सेरामाइडांचा, पाव भाग कोलेस्टेरॉलचा (हृदयविकाराशीं ज्याचें नांव जोडलें जातें तेंच हें), आणि उरलेला बहुतेक मुक्त मेदाम्लांचा. सेरामाइडांच्या घटनेंत ज्या जातीचें द्रव्य असतें, तें प्रथम लंडनमधील जर्मन वैद्य थुडिकम यांना मेंदूंत सांपडलें होतें. त्याचा उलगडा होईना, म्हणून कोडें घालणाऱ्या ग्रीक स्फिंक्सवरून त्यांनीं १८८४ मध्यें त्याला 'स्फिंगोसिन' हें नांव दिलें. कोडें सुटलें तें असें: त्वचेंतील कांहीं लांब सेरामाइडांना लिनोलेइक आम्लच जोडलेलें असतें. बर दांपत्याच्या उंदरांची भिंत गळूं लागली होती ती त्याच्या अभावीं. कपाळ चकाकतें तो तेलकटपणा मात्र निराळा. तो मुलांच्या अंगीं फारसा नसतो, तरीही त्यांची कातडी कोरडी पडत नाहीं.

दिवस भरण्यापूर्वींच जन्मलेल्या अर्भकाची ही भिंत अपुरी असते. अंगांतलें पाणी व ऊब बाहेर जाते, आणि जंतु आंत शिरतात. बंगालमध्यें अशा बाळांनाही मोहरीचें तेल चोळण्याची चाल आहे. गॅरी डार्मस्टॅट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं उंदरांवर पाहिलें, तेव्हां मोहरीच्या तेलानें दुखावलेली भिंत सावरण्यास उलट उशीर झाला, आणि सूर्यफुलाच्या तेलानें ती लवकर सावरली. हें २००२ मध्यें प्रसिद्ध झालें. मग ढाक्याच्या एका रुग्णालयांत, तेहतीस आठवड्यांपूर्वीं जन्मलेल्या ४९७ बाळांपैकीं कांहींना सूर्यफुलाचें तेल हलक्या हातानें लावण्यांत आलें. ज्यांना कांहींच लावलें नव्हतें, त्यांच्यापेक्षां या बाळांत रुग्णालयांतील जंतुसंसर्ग ४१ टक्क्यांनीं कमी आढळला, आणि मृत्यु २६ टक्क्यांनीं.