जिवंत संपादकाची प्रेतयात्रा: टवाळी हा पुरावा कसा वाचायचा?

गोपाळ गणेश आगरकरांची एक गोष्ट आपण शाळेपासून ऐकत आलोय. सुधारणेचे विचार मांडले म्हणून पुण्यातल्या सनातनी मंडळींनी ते हयात असतानाच त्यांची प्रेतयात्रा काढली. स्पर्धा परीक्षेत हे एका मार्काचं उत्तर आहे. संशोधन करायचं असेल तर मात्र तेवढ्यावर थांबून चालत नाही. 'समाज मागासलेला होता' असं लिहून मोकळं होणं फार सोपं आहे. आपण विचारायचं ते असं, की याआधी हेच पुणं याच माणसाशी कसं वागत होतं?

मी मूळचा विज्ञानाचा विद्यार्थी, त्यामुळे तुलनेसाठी 'कंट्रोल' शोधायची सवय आहे. आगरकरांच्या बाबतीत तो आयता मिळतो.

जानेवारी १८८१ मध्ये 'केसरी' सुरू झाला आणि आगरकर त्याचे पहिले संपादक झाले. पुढच्याच वर्षी कोल्हापूर प्रकरण घडलं. कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींचा दिवाण माधवराव बर्वे छळ करतात, असा मजकूर 'केसरी' आणि 'मराठा'मध्ये आला. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. ज्या पत्रांचा आधार घेतला होता ती बनावट निघाली. संपादकांनी माफी मागितली, तरी आगरकर आणि टिळकांना ४ महिन्यांची शिक्षा झाली. त्यातले १०१ दिवस दोघांनी मुंबईला डोंगरीच्या तुरुंगात काढले. ऑक्टोबर १८८२ मध्ये ते सुटले तेव्हा काय झालं? लोकांनी त्यांचं जंगी स्वागत केलं. त्याआधी जामिनाचे १०,००० रुपये जोतीराव फुल्यांच्या स्नेह्यांपैकी रामशेठ उरवणे यांनी भरले होते.

आता पुढचा टप्पा. समाजसुधारणा आधी की राजकारण आधी, यावरून टिळकांशी मतभेद वाढले. आगरकरांनी १८८७ मध्ये 'केसरी' सोडला आणि ऑक्टोबर १८८८ मध्ये स्वतःचा 'सुधारक' काढला. त्याची इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखले सांभाळायचे. बालविवाह, विधवांचं केशवपन, सोवळं-ओवळं, मुलींचं शिक्षण अशा विषयांवर आगरकर थेट लिहू लागले. 'स्त्रियांनी जाकिटे घातली पाहिजेत' हे त्यांच्या एका निबंधाचं नावच होतं. त्या काळात हे वाचून किती घरांत भुवया उंचावल्या असतील, याची कल्पना करा!

त्यातच संमतिवयाचा वाद पेटला. कलकत्त्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या शरीरसंबंधामुळे मेली होती. तेव्हाच्या कायद्यात संमतीचं वय १० होतं, म्हणून नवऱ्यावर बलात्काराचा गुन्हा बसला नाही. किरकोळ कलमाखाली १ वर्षाची सक्तमजुरी झाली. हे वय १२ करणारं विधेयक जानेवारी १८९१ मध्ये आलं आणि मार्चमध्ये मंजूर झालं. आगरकर कायद्याच्या बाजूने उभे राहिले. टिळकांचा मुद्दा होता की आपल्या घरातल्या चालीरीतींत परक्या सरकारने हात घालू नये. म्हणजे प्रश्न सामाजिक असला तरी आगरकरांचं मत राजकीयदृष्ट्या स्फोटक ठरलं.

आता दोन्ही प्रसंग शेजारी ठेवा. १८८२ मध्ये छापलेला पुरावा खोटा होता, तरी लोकांनी डोक्यावर घेतलं. 'सुधारक'च्या वर्षांत मुद्दा एका खऱ्या मृत्यूवर उभा होता, तरी तिरडी निघाली. माणूस तोच, लेखणी तशीच. बदलली ती लेखणीची दिशा. आधी ती दिवाणावर आणि त्याच्या पाठीशी असलेल्या इंग्रजी सत्तेवर रोखलेली होती, आता ती वाचकाच्याच माजघरात शिरली होती. मधे काही वर्षं गेली होती, मित्र दुरावले होते, त्यामुळे हा प्रयोगशाळेतला शुद्ध प्रयोग नव्हे. तरी एवढं नक्की म्हणता येतं की पत्रकाराला मिळालेल्या टाळ्या आणि टवाळी यांवरून तो बरोबर होता की चूक हे ठरत नाही. त्यावरून वाचकाला कुठे दुखलं ते कळतं.

दुसरी गोष्ट, टवाळीचा आकार बघा. प्रेतयात्राच का? बहिष्कृत माणसाचं जिवंतपणी घटश्राद्ध घालायचं, म्हणजे जातीपुरता तो मेला, अशी प्रथा आपल्याकडे होती. बहिष्काराचं हत्यार त्या काळी चांगलंच धारदार होतं. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याबद्दल टिळक आणि रानड्यांसारख्यांवरही ग्रामण्य आलं होतं. म्हणून माझ्या मते ती तिरडी म्हणजे नुसती थट्टा नव्हती. 'तू आमच्यातला नाहीस' हा निकाल तिथे विनोदाच्या वेषात आला होता.

इथे एक पथ्य पाळा. टिळकांचा युक्तिवाद आणि तिरडी उचलणाऱ्यांची टवाळी एकाच खणात टाकू नका. युक्तिवादाला उत्तर देता येतं, आगरकरांनी ते दिलंही. तिरडीला काय उत्तर देणार? आणि आगरकरांना निव्वळ बिचारे ठरवू नका. त्यांची लेखणी बोचरी होती, रूढींची ते यथेच्छ खिल्ली उडवायचे. 'केसरी' आणि 'सुधारक'चा वाद दोन्हीकडून वैयक्तिक पातळीवर उतरला होता.

तेव्हा तुमच्या विषयात एखाद्या पत्रकाराची टर उडवलेली दिसली, मग ती व्यंगचित्रात असो, नाटकात असो की मोर्चात, तर तीन प्रश्न वहीत लिहून ठेवा. याच माणसाचं कौतुक कधी झालं होतं? टवाळीचा साचा कुठल्या जुन्या प्रथेतून आला? आणि या गदारोळात मूळ विषय कुठे गेला?

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. आगरकर १७ जून १८९५ रोजी, वयाची चाळिशीही न गाठता, दम्याने गेले. त्यांची खोटी प्रेतयात्रा आज सगळ्यांना आठवते. जिच्या खऱ्या मृत्यूने कायदा बदलला, त्या फुलमणीचं नाव मात्र किती जणांना सांगता येईल?