उघडी ठेवायची जखम : अश्रुमार्गाची शस्त्रक्रिया आणि तिच्यामागची औषधे

डोळ्याच्या नाकाकडील कोपऱ्यात असलेल्या अश्रुपिशवीतून एक बारीक नलिका नाकात उतरते. ती बुजली की पाणी गालावर ओघळू लागते, साचलेल्या पाण्यात पू होतो आणि कोपरा बोटाने दाबताच तो पापणीच्या कडेवरील छिद्रातून वर येतो. लासलगाव आणि पिंपळगाव बसवंत यांसारख्या कांद्याच्या बाजारपेठा असलेल्या निफाड तालुक्यात धुळीने डोळ्याला पाणी येणे नवे नाही. मात्र धुळीचे पाणी धूळ बसली की थांबते, बुजलेल्या नलिकेचे थांबत नाही.

सुश्रुतसंहितेत डोळ्याच्या सांध्यांच्या विकारांमध्ये ‘पूयालस’ नावाचा जो पुवाळणारा विकार वर्णिला आहे, तो या रोगाशी मिळताजुळता आहे. त्यावर रक्तमोक्षण, म्हणजे दूषित रक्त काढणे, पोटीस बांधणे आणि हिराकस, सैंधव, आले व मध यांचे अंजन घालणे असे उपचार सांगितले आहेत. सतत वाहणाऱ्या ‘स्रावां’ना मात्र संहिता असाध्य ठरवते. पाश्चात्त्य वैद्यकातही शतकानुशतके डागणी आणि दाहक द्रव्ये यांचाच आधार होता. दोन्हीकडे हेतू एकच, वाहणारी जागा सुकवून बंद करणे.

हा हेतू उलटला तो 1904 मध्ये, फ्लॉरेन्सच्या अड्डेओ तोती यांनी अश्रुपिशवी आणि नाक यांमधील हाडाला भोक पाडून पाण्याला नवी वाट करून दिली तेव्हा. नाकाचे अस्तर रक्ताने भरलेले असल्याने असे काम पूर्वी अवघडच होते. 1884 पासून वापरात आलेल्या कोकेनच्या बधिरतेने आणि 1901 मध्ये वेगळ्या केलेल्या अ‍ॅड्रिनॅलिनच्या रक्तवाहिन्या आकसवणाऱ्या गुणाने ते पुढे सुकर झाले. मात्र तेव्हापासून शरीराची भरून येण्याची सवयच शल्यविशारदाची वैरीण ठरली, कारण नवे भोक भरून आले तर सारे श्रम वाया.

जंतुसंसर्गाची बाजू पेनिसिलिनने सावरली. शेफील्डच्या सेसिल पेन यांनी 1930 मध्ये नवजात बालकांच्या पुवाळलेल्या डोळ्यांवर बुरशीचा कच्चा अर्क वापरून गुण आणला होता. महाराष्ट्रात पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या 1954 मध्ये स्थापन झालेल्या सरकारी कारखान्यामुळे हे औषध देशातच तयार होऊ लागले. तरीही ग्रामीण भागात दीर्घकाळ दुसरीच शस्त्रक्रिया पसंत केली जाई, ती म्हणजे अश्रुपिशवी काढूनच टाकण्याची. मोतीबिंदूच्या शिबिरात अश्रुमार्गात पिचकारीने पाणी सोडून पाहत आणि पू उलटून आला तर तो डोळ्याच्या आत जाऊ नये म्हणून आधी पिशवीचा निकाल लावत. डोळा त्यानंतर जन्मभर पाणावत राही. पण टाके सुटल्यावर औषधांचा पाठपुरावा फारसा उरत नसे. दवाखाना लांब आणि शेतीचे दिवस मोजके असलेल्या वृद्धासाठी ही निवड अडाणीपणाची नव्हे, व्यवहाराची होती.

नवी वाट करणाऱ्या शस्त्रक्रियेत नंतरच्या औषधांचा पसारा मोठा असतो: जखमेवर आणि डोळ्यात प्रतिजैविक, सूज व वण रोखणारे स्टेरॉइडचे थेंब, नाकात स्टेरॉइडचा फवारा, खपल्या मऊ राहाव्यात म्हणून मिठाच्या पाण्याने धुणे आणि काही दिवस नाक न शिंकरण्याची ताकीद. 1990 च्या दशकात काही शल्यविशारदांनी मायटोमायसिन हे कर्करोगावरचे औषध शस्त्रक्रियेच्या वेळीच भोकाच्या कडांना लावायला सुरुवात केली. पेशींची वाढ थोपवणे हेच त्याचे काम. गरज पडल्यास सिलिकॉनची बारीक नळी काही आठवडे ते महिने ठेवतात.

या औषधांच्या जोडीला नाक मोकळे करणारे थेंब मात्र जपून वापरावे लागतात. निफाड तालुक्यातीलच कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर हिवाळ्यात नाशिक जिल्ह्यातील नीचांकी तापमाने नोंदली जातात आणि थंडीत नाक चोंदणे या भागाच्या अंगवळणी आहे. झायलोमेटाझोलिनसारखे थेंब आठवड्याहून अधिक काळ चालू ठेवले तर अस्तर उलट अधिक सुजते, आणि सुजलेले अस्तर त्याच नव्या भोकावर येऊन टेकते.