गळलेलं तेवढंच

उन्हाळ्यात ग्वाल्हेरच्या लष्करात गच्चीवर अंथरुणं पडली की आजी माहेरचं सांगायची. माहेर गोव्यातलं, सत्तरी तालुक्यातलं. वडिलांची, त्याआधी आजोबांची काजूच्या दारूची भट्टी. दौलतराव शिंद्यांच्या छावणीचं शहर झालेल्या या गावात वाढलेल्या आम्ही पोरांनी समुद्र पाहिला नव्हता, पण नीरो, हुर्राक, फेणी आम्हाला तोंडपाठ होतं.

बोंडू झाडावरून तोडायचा नाही, हा पणजोबांचा नियम. पिकून गळलेला तेवढाच वेचायचा, बी पिरगळून काढायची आणि बोंडू कोळमीत, म्हणजे तुडवायच्या कुंडात, पायांनी तुडवायचे. चोथ्याचा ढीग वेलीनं आवळून वर धोंडा ठेवला की थेंबथेंब गळतो तो नीरो. तो पोरांच्या वाट्याचा. बाकीचा रस दोन-तीन दिवस आपसूक आंबे. खमीर नाही, पाणी नाही. मग तो भाणात, म्हणजे भट्टीवरच्या मडक्यात, चढवायचा. नळीतून वाफ लावणीत, म्हणजे दारू जमायच्या भांड्यात, उतरे आणि लावणीवर गार पाणी ओतत राहायचं काम आजीचं. हात थांबला की माल गेला, म्हणून वडील तिला हाकही मारत नसत. पहिल्या खेपेला हुर्राक. तो आंबलेल्या रसात मिसळून पुन्हा चढवला की फेणी. जाळ कधी ओढायचा ते पणजोबा वासावर ठरवत. हे ज्ञान कोणत्याही वहीत नव्हतं, आणि मला त्याचा विलक्षण आदर वाटतो.

काजू पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणला. १८७८ च्या ब्रिटिश-पोर्तुगीज करारानं ब्रिटिशांची अबकारी गोव्यातही शिरली. शिपाई यायचा म्हणून भाण रानात नेऊन ठेवत, असं पणजोबांना त्यांच्या वडिलांनी सांगितलेलं. तो करार १८९२ मध्ये संपला. त्याच वर्षी मुंबई सरकारनं ठाणे-कुलाब्यात दारूसाठी लागणारी मोहाची फुलं बाळगण्यावर, विकण्यावर कायद्यानं बंधनं घातली. झाडानं स्वतःहून टाकलेलं वेचणारी माणसं सरकारला इतकी का खुपावीत?

मोहाचं फूलही गळलेलंच वेचतात. जुन्या ग्वाल्हेर संस्थानातल्या श्योपूरच्या जंगलात सहरिया बायका चैत्रात पहाटेच टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. हे ऐकलं तेव्हा आजी म्हणाली, ‘‘मग ती आमचीच माणसं.’’

काजूफेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये गोवा सरकारनं ती वारसा-पेय ठरवली. मध्य प्रदेशानंही आदिवासी बचतगटांच्या मोहाच्या दारूला वारसा म्हणून परवानगी दिली. उशिरा का होईना, हे चांगलंच झालं. पण मान बाटलीला मिळतो, भट्टीला नाही. गोव्यात दर हंगामाआधी काजूच्या राया वाटून पावणी होते, म्हणजे लिलाव. पैसेवाल्यापुढे एका घराची बोली टिकत नाही. आजीच्या भावाचा नातू अजून भट्टी लावतो. भाण आता तांब्याचं आहे, आणि पावणीच्या पैशांची जुळवाजुळव त्याला दिवाळीपासूनच करावी लागते.