काकांच्या छातीवर पंख नव्हते



दिवाळीनंतर अकोल्याला माझ्या मोठ्या नणंदेकडे गेले होते. आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो. वय चौऱ्याऐंशी, पण आठवण लख्ख. आमच्या घराण्याची वंशावळ छापायचं चाललं आहे. सुनांमध्ये बी.कॉम. झालेली मी एकटी, म्हणून कागदपत्रांचं काम माझ्याकडे आलं. अक्कांनी ट्रंकेतून एक पिवळा पडलेला फोटो काढला. गणवेशातला तरुण, डोक्यावर तिरकी टोपी. म्हणाल्या, "हे आमचे काका. लढाईत विमान चालवत होते. त्याईच्या नावापुढं वैमानिक लिहिजो."

म्हणजे माझे चुलत सासरे. मी लग्न होऊन आले तेव्हा ते गेलेले होते. आमच्या घरात त्यांची एकच गोष्ट सांगितली जाते. मुलगा लढाईवर गेला, त्याच्या हातून जीवहिंसा होत असेल, म्हणून त्यांच्या आईने तो परत येईपर्यंत दूध आणि साखर सोडली होती. चार वर्षं. १९४६ साली तो सुखरूप परतला तेव्हा मंदिरात जाऊन मग पारणं केलं.

मी फोटो अमरावतीला घेऊन आले. नुसतं 'वैमानिक' लिहिण्यापेक्षा कुठे होते, कोणतं विमान चालवत होते, हेही लिहावं असं वाटलं. भाच्याने संगणकावर शोधायला शिकवलं आणि दोन महिने दुपारची झोप गेली.

आधी थोडा इतिहास. भारतीय हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ ची. पहिली तुकडी १ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळ ड्रिग रोडला उभी राहिली, तीही चार 'वापिती' विमानांवर. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा आपल्याकडे एकच स्क्वाड्रन होती. संपलं तेव्हा नऊ. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आपली मुलं 'हरिकेन' आणि 'व्हेंजन्स' विमानं चालवत होती. मुंबईचे हृषीकेश मुळगावकर त्यातलेच. १९४० साली ते दलात आले, ब्रह्मदेशात लढले आणि १९७६ मध्ये हवाई दलाचे प्रमुख झाले.

वैमानिक शोधणं त्या मानाने सोपं, हे मला हळूहळू कळलं. वैमानिक बहुतेक अधिकारी असत आणि त्यांच्या क्रमांकाआधी 'आयएनडी' ही अक्षरं असत. 'भारत रक्षक' या संकेतस्थळावर हौशी अभ्यासकांनी अशा अधिकाऱ्यांची नावं क्रमांकासह जमवून ठेवली आहेत. प्रत्येक वैमानिकाची उड्डाणवही असते. तारीख, विमानाचा प्रकार, त्याचा क्रमांक, कामगिरी, किती तास उडालं, सगळं ओळीने. आपल्या रोजकीर्दीसारखीच. जे युद्धात गेले आणि ज्यांची कबर नाही, त्यांची नावं सिंगापूरला क्रांजी इथल्या स्मारकाच्या भिंतींवर कोरलेली आहेत.

काकांचं नाव कुठेच मिळेना. मला वाटलं, इंग्रजी स्पेलिंग चुकत असेल. आपली आडनावं इंग्रजीत पाच प्रकारे लिहिली जातात. तशी चूक किती महागात पडते, याची एक खरी गोष्ट मला या शोधातच सापडली.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या विमानदलात जे मोजके चार हिंदी वैमानिक लढले, त्यांत इंद्रलाल रॉय, हरदितसिंग मलिक आणि एरोल सेन यांच्याबरोबर मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर होते. केंब्रिजला शिकलेला हा मुलगा २३ व्या स्क्वाड्रनमध्ये 'डॉल्फिन' विमान चालवत होता. जून १९१८ च्या अखेरीस फ्रान्सवर गस्तीला गेला तो परत आला नाही. वय तेवीस. घरी काही कळेना. जिवंत आहे, कैदेत आहे, की गेला? त्यांचे स्नेही कर्नल बार्टन युद्धकबरींच्या आयोगाला पत्रं लिहीत राहिले. अखेर १९२१ मध्ये उलगडा झाला. जखमी वेलिणकर जर्मनांच्या ताब्यात असताना ३० जूनला वारले होते आणि जर्मनांनी त्यांना रीतसर पुरलंही होतं. पण क्रुसावर नाव होतं 'वुमकर'. 'वेलिणकर'चं 'वुमकर' झालं आणि एका विधवा आईची अडीच वर्षं गेली. आज फ्रान्समधल्या हँगार्ड इथल्या दफनभूमीत त्यांच्या दगडावर बरोबर नाव आहे.

नाव सापडूनही माणूस सापडत नाही, असंही होतं. १९७१ च्या युद्धात फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे पाकिस्तानवरच्या कामगिरीवरून परतले नाहीत. पकडलेल्या भारतीय वैमानिकांत त्यांचं नाव तिकडच्या इंग्रजी वर्तमानपत्रात छापून आलं होतं. कैदी सुटून आले, त्यांत ते नव्हते. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्कार मिळालेल्या. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालेलं. त्यांनी सगळं आयुष्य या शोधात घातलं. १९८३ मध्ये आणि पुन्हा २००७ मध्ये बेपत्ता सैनिकांचे नातेवाईक पाकिस्तानातले तुरुंग पाहून आले. हाती काही लागलं नाही.

हे वाचल्यावर मला माझ्या कामाची थोडी लाज वाटली. त्यांचा माणूस हरवला होता. आमचा घरी आला होता, आणि आम्हीच त्याला कधी काही विचारलं नव्हतं.

मग मी तो फोटो भिंग घेऊन पाहिला. वैमानिकाच्या गणवेशावर डाव्या खिशाच्या वर पंखांचं चिन्ह शिवलेलं असतं. काकांच्या छातीवर ते नव्हतं. अक्कांना फोन करून ट्रंकेतले बाकीचे कागद मागवले. रेशनकार्ड आणि कपाशीच्या पट्ट्यांमध्ये दलातून मुक्त केल्याचा एक कागद निघाला. त्यावर क्रमांक होता, 'आयएनडी' नव्हतं. आणि कामाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'फिटर'.

काका विमान चालवत नव्हते. विमानाचं इंजिन दुरुस्त करत होते.

दोन दिवस मी गप्प बसले. अक्कांना या वयात कशाला सांगायचं? पुस्तकात 'वैमानिक' छापलं तर कुणाचं काय बिघडणार आहे? पण सत्याचं अणुव्रत रोज तोंडाने म्हणायचं आणि वंशावळीत खोटं छापायचं, हे मनाला पटेना. हिशेबाच्या वहीत एक रक्कम खोटी घातली की पुढची सगळी पानं खोटी होतात.

अकोल्याला गेले आणि सांगितलं. हेही सांगितलं की त्या काळी अशा लोकांना 'हवाई सिपाही' म्हणत, आणि त्यांच्यातलेच हरजिंदरसिंग पुढे एअर व्हाइस मार्शल झाले. फिटरने इंजिन तपासून दिल्याशिवाय कोणताच वैमानिक वर जात नाही.

अक्का बराच वेळ फोटोकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "म्हंजे काकानं बाँब नाही टाकला?"

"नाही अक्का."

"मंग आजीनं चार वर्षं दूध कायले सोडलं?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. काकांनी नीट केलेली विमानं बाँब घेऊनच वर जात असतील. त्यामुळे हिंसेचा हिशेब इतका सोपा नाही, आणि त्या माउलीचा नियमही वाया गेला असं मी म्हणणार नाही. तिला जेवढं ठाऊक होतं तेवढ्यावर तिने तो पाळला.

थोड्या वेळाने अक्का आपणहून बोलायला लागल्या. गावातल्या जिनिंगचं इंजिन बंद पडलं की मालक काकांनाच बोलवायला माणूस पाठवायचे. कुणाचा पाण्याचा पंप, कुणाची सायकल, काका हात लावायचे आणि सुरू व्हायची. "कुठं शिकले हे आम्ही कधी पुसलंच नाही," त्या म्हणाल्या.

पुरावा घरातच होता. आम्ही छातीवर पंख शोधत बसलो.

वंशावळीत आता छापलं आहे, 'हवाई दलात फिटर, १९४२ ते १९४६'. खाली अक्कांच्या सांगण्यावरून आजीच्या नियमाचीही ओळ आहे.

मैत्रिणींनो, तुमच्याकडे असा फोटो असेल तर आजच त्याच्या मागे पेन्सिलीने नाव लिहा, मराठीत आणि कागदावर आहे त्याच इंग्रजी स्पेलिंगमध्ये. क्रमांक मिळाला तर तोही. आणि घरात कुणी ऐंशीच्या पुढचं असेल, तर संगणक उघडायच्या आधी त्यांच्याजवळ जाऊन बसा.

जय जिनेंद्र.