‘तेवढं झाडून घ्या ना’: घरकामाच्या हद्दीचा इतिहास

आमगावसारख्या धानाच्या मुलखात रोवणीला जाणाऱ्या बाईला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. बांधी संपली की काम संपलं. आज ज्या कामाविषयी बोलायचंय, त्याला असा धुराच नाही.

आजारी आजीला सांभाळायला बाई ठेवतात. आजीला उठवायचं, अंघोळ घालायची, औषध द्यायचं, एवढं ठरतं. आठवडाभरात घरातलं कोणी म्हणतं, ‘मावशी, आजी झोपल्याच आहेत, तर तेवढं घर झाडून घ्या ना.’ मग भांडी येतात. मग पाहुण्यांचा चहा. पैसे मात्र तेवढेच. नाही म्हणायला जावं, तर ते ‘मावशी’ आड येतं.

हे ‘तेवढं’ जुनं आहे बरं का. आपल्याकडे सालगड्याचं साल ठरायचं, पण त्याच्या बायकोनं मालकाच्या घरचं शेणसारवण करायचं, हे कित्येकदा त्यातच धरलेलं असे. तिच्या कामाचा वेगळा हिशेबच नव्हता. कोणत्या बाईनं अंगणापर्यंत यायचं आणि कुणी माजघरात, हे जात ठरवत होती. म्हणजे हद्द होती, पण ती घरात शिरण्याची. कामाची नव्हती.

कामाला हद्द घालायचा मोठा प्रयत्न झाला तो १९८० साली, पुण्यात. मोलकरणींनी संप केला. आधी संघटना आणि मग संप, असं नाही झालं. संप झाला आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पगारवाढ हवी, भरपगारी सुट्टी हवी. त्याहून मला महत्त्वाचं वाटतं ते दरपत्रक. धुणं, भांडी, केरफरशी यांचे दर वेगवेगळे. घरात माणसं किती, तेही बघायचं. ‘घरकाम’ नावाचं गाठोडं बायकांनी सोडून दाखवलं! आपल्या बाजूला नागपुरात डॉ. रूपा कुलकर्णी-बोधी यांच्या पुढाकारानं विदर्भ मोलकरीण संघटना लढली.

सरकार उशिरा जागं झालं. १९५९ साली राज्यसभेत घरकामगारांसाठी खासगी विधेयक आलं होतं, त्याचा कायदा झाला नाही. महाराष्ट्रानं घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला २००८ मध्ये. नोंदणी, अपघाताला मदत, बाळंतपणाला मदत, मुलांच्या शिक्षणाला मदत. चांगलंच आहे ते. पण मजुरी किती, सुट्टी किती, काम कोणतं, यावर तो कायदा गप्प आहे. कल्याण दिलं, हद्द नाही दिली, असं मी म्हणेन.

जून २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार मंजूर केला. त्यात साधी गोष्ट आहे: काम कोणतं, तास किती, पैसे किती, हे बाईला आधी, तिला कळेल अशा भाषेत सांगा. भारतानं त्याच्या बाजूनं मत दिलं, पण करार अजून स्वीकारलेला नाही.

आता रुग्णसेवेच्या बायका ब्युरोमार्फत जातात. मोलकरणीनं निदान केरफरशीचा दर वेगळा काढला होता. हिचं तेही मागं गेलं. मी पाहिलेल्या चिठ्ठ्यांवर तास होते, बारा नाहीतर चोवीस. दर होता. कामापुढे एकच शब्द होता: ‘पेशंट’.